मागच्या रांगेला ऐकू जाईल असं

बरणी एक होती आणि हात चार.

लेमेरी गावाच्या बाजारातल्या काचसामानाच्या दुकानात झाकणाची ती शेवटची मोठी बरणी. रोवेलिनने ती डावीकडून धरली आणि नेमकी त्याच वेळी एका चष्मेवाल्या माणसाने उजवीकडून धरली. बाहेर डिसेंबरची भुरभुर चालू होती. त्याचे केस भिजले होते, चष्म्याच्या काचांवर थेंब होते... पण बरणीवरची पकड मात्र घट्ट होती.

“ओ मिस्टर, सोडा ती!” रोवेलिन म्हणाली.

म्हणाली, असं आपलं तिच्या बाजूने. प्रत्यक्षात तीन दुकानं पलीकडच्या मासेवाल्यांनी माना वळवून पाहिलं. या बातांगास प्रांतातली माणसं मुळातच मोठ्याने बोलतात, आणि रोवेलिन त्यांच्यापेक्षा दोन पट्ट्या वर. तिने नुसतं ‘जेवलात का’ विचारलं, तरी समोरच्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

“मॅडम, मी आधी धरली होती,” तो म्हणाला. आवाज मऊ. प्रत्येक वाक्याचं शेपूट जरासं वर उचलून, झुलवून खाली सोडलेलं. “आणि तुमच्यासारखी उद्धट बाई मी आजवर पाहिली नाही... हो...”

तो ‘हो’ त्याने असा लांबवला, की रोवेलिनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“अस्सं? आणखी काय काय पाहिलं नाही आजवर?”

“एवढ्याशा बाईत एवढा मोठा आवाज... नाही पाहिला.”

“मग घ्या बघून!”

“बघतोच आहे. कान काही मिटता येत नाहीत.”

आता खरं तर सुरावरूनच ओळखायला हवं होतं. माणूस पार समुद्रापलीकडच्या इलोइलोचा. तिकडचे लोक शिव्या देतात तेव्हाही अंगाई गायल्यासारखं वाटतं, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. पण रोवेलिनशी एवढ्या गोड सुरात कुणी बोलून चार वर्षं झाली होती. त्यामुळे तिचं डोकं चाललं नाही. तिने बरणी सोडून दिली.

“घ्या! ख्रिसमस आहे म्हणून देतेय!”

तो बरणी छातीशी धरून जवळजवळ पळालाच. लाजला, असं तिला वाटलं. पपईचं लोणचं तिने प्लॅस्टिकच्या डब्यात घातलं आणि घरी जाताना ट्रायसिकल रिक्षात ती उगाचच हसत राहिली. घर आल्यावर मात्र तिला स्वतःचाच राग आला. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायलाच हवी. आर्सेनियो नावाच्या माणसाशी रोवेलिनचं लग्न ठरलं होतं. चर्चची तारीखही घेतलेली. मग एके दिवशी तो म्हणाला, “वेलिन, तुझ्याशी बोलताना रोज भांडण चालल्यासारखं वाटतं. मी थकलो.” आणि गेला. तेव्हापासून रोवेलिन जगावर रागावलेली होती. वरवर राग, आणि आत एकच प्रश्न. हा आवाज घेऊन आपण कुणालाच नको आहोत का? हा प्रश्न ती कुणाला बोलून दाखवत नसे. एवढीच एक गोष्ट तिने आयुष्यात हळू आवाजात केली होती.

*

अठ्ठावीस डिसेंबरला दर वर्षी अख्खं खानदान लोला बासिंगच्या अंगणात जमतं. लोला बासिंग म्हणजे सगळ्यांची आजी, वय शहाऐंशी. त्या दिवशी सत्तावन्न माणसं होती. मागे बांबूच्या बाकांवर म्हातारी मंडळी, मध्ये काका-मावश्या, पुढे चटयांवर पोरं. हाडांचा रस्सा उकळत होता, शेवयांची परात भरली होती, बाराको कॉफीचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. जेवणानंतर खेळ असायचे आणि ते खेळ नऊ वर्षं रोवेलिन घेत आली होती.

नऊ वर्षं! आणि या वर्षी एका शब्दाने न विचारता तिला बाजूला काढलं.

“या खेपेला आरडाओरडा नको,” तिता फ्लोर म्हणाली. तिता फ्लोर म्हणजे आईची धाकटी बहीण, शाळेत शिकवते, आणि घरीही शाळेतच असल्यासारखी वागते. “बोलण्याचे खेळ ठेवलेत. शांतपणे, सगळ्या वयाच्यांना खेळता येतील असे. आमच्या शाळेत नवे सर आलेत, ते घेतील. वादळामुळे बिचाऱ्यांची घरी जायची बोट रद्द झाली.”

“आणि मी काय करू?”

“तू खा-पी. आराम कर.”

रोवेलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातच सकाळी आईने तिचा दंड धरून सांगितलं होतं, “आज जरा हळू बोल हं, बाळा. एक दिवस तरी.” इनायचा, म्हणजे आईचा, शब्द म्हणून ती सकाळपासून ओठ शिवून बसली होती.

इतक्यात नवे सर आले. चष्मा. मऊ चालणं. हातात ती बरणी!

“तुम्ही!” रोवेलिन म्हणाली, आणि रस्त्यावरचा कुत्रा भुंकला.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. “गुड आफ्टरनून, मॅडम,” ते म्हणाले. “मी एफ्रेन. बरणी... परत करू का?”

“ठेवा! आजची सगळी कामं तुमचीच आहेत ना!”

खेळ सुरू झाला. ज्याची पाळी येईल त्याने स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. साधा, छान खेळ. सात वर्षांच्या पोरीलाही जमेल आणि सत्तरीच्या माणसालाही. एफ्रेनने नियम समजावून सांगितला, गोड आवाजात, हात जोडून, पापण्या लववून.

मागच्या रांगेत कुजबुज झाली.

“काय म्हणतोय तो?” लोलो उस्तिंगने, म्हणजे आजोबांनी, विचारलं.

“प्रार्थना म्हणतोय बहुतेक,” लोला बासिंग म्हणाली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली. मग सगळ्या मागच्या रांगेने तशीच खूण केली.

एफ्रेनने पुन्हा सांगितलं. मागून कुणीतरी “आमेन” म्हणालं.

रोवेलिनला ते बघवेना. या माणसांना वर्षातून एक दिवस सगळे भेटतात, आणि तो दिवसही नुसत्या माना डोलवत काढायचा? इनायचा शब्द गेला खड्ड्यात. ती उठली.

“लोलो उस्तिंग! स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगा! दोन खऱ्या, एक खोटी! खोटी कुठली ते आम्ही ओळखणार!”

“हां, असं सांगा ना!” लोलो खूश झाला. “एक, मी तळं पोहून पार केलंय. दोन, मी मुठीने नारळ फोडलाय. तीन, तुमच्या लोलाला मी जन्मात घाबरलो नाही.”

“तिसरी!” पंचावन्न माणसं एका सुरात ओरडली. लोला बासिंगने नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळं अंगण हसायला लागलं.

त्यानंतर तसंच ठरून गेलं. एफ्रेन हळू सांगायचा, रोवेलिन ते मागच्या रांगेपर्यंत पोचवायची. तिता फ्लोरने नाक मुरडलं, पण पोरं चटईवर उड्या मारत होती आणि म्हातारे एकमेकांना ढोसत होते. आता काय बोलणार?

कॉफीसाठी थांबले तेव्हा रोवेलिन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“एवढं गोड बोलता येतं, पण मोठ्याने बोलता येत नाही! कुठल्या शाळेत शिकवता, मुक्यांच्या?”

“मॅडम, तुम्ही अजून रागावलेल्याच आहात... बाजारातल्यासारख्या.”

“बाजारात मी कुठे रागावले होते?”

एफ्रेनने कप खाली ठेवला. “नव्हतात? मला वाटलं, तुम्ही मला ती बरणीच फेकून मारणार.”

“मी लाजत होते!”

“लाजत?” त्याने चष्मा काढून पुसला. “मॅडम... मी तर भांडत होतो. मी खरंच चिडलो होतो. उद्धट म्हणालो, ते मनापासून म्हणालो होतो.”

रोवेलिनला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. चार दिवस! चार दिवस ती तो ‘हो’ आठवून हसत होती, भात ढवळताना, कपडे वाळत घालताना. आणि हा माणूस शिव्या घालत होता!

“मग मी बरणी का दिली तुम्हाला?”

“तेच मला कळलं नाही,” तो म्हणाला. मग तिच्याकडे निरखून बघत, “लाजल्यावर अशा दिसता तुम्ही?”

“तोंड सांभाळा, सर!”

“आत्ता लाजलात, की चिडलात? आधीच सांगा, म्हणजे मी तसा पळेन.”

तिला हसू आलं. ते तिने कॉफीबरोबर गिळून टाकलं. एवढ्या लवकर माफ करायला ती काही रिकामी बसली नव्हती.

*

मग बरणी आली. कॉफी पिता पिता सगळ्यांनी तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. वर ज्याला विचारायचं त्याचं नाव, खाली प्रश्न. लिहिणाऱ्याचं नाव मात्र नाही. उत्तर द्यायचं, नाहीतर गाणं म्हणायचं. एफ्रेन चिठ्ठी उघडून पुटपुटायचा आणि रोवेलिन ती अंगणभर करायची.

“तितो राउल! शाळेतून पळून पहिल्यांदा कुठे गेला होता?”

“तिन्या! तुझ्या भावाचं सगळ्यात मोठं गुपित कुठलं?”

“लोला बासिंग! पुन्हा लग्न करायचं झालं तर कुणाशी?”

लोला म्हणाली, “बहिऱ्याशी नाही,” आणि लोलो उस्तिंगने विचारलं, “काय म्हणाली?”

दुपार उतरत चालली होती. एफ्रेनचा आवाज आणखी आणखी बारीक होत चालला होता, त्यामुळे रोवेलिनला त्याच्या अगदी जवळ कान न्यावा लागत होता. त्याच्या शर्टाला साबणाचा आणि पावसाचा वास होता. पण एक गोष्ट तिला टोचायला लागली. तिच्या नावाची चिठ्ठी निघाली, की प्रश्न कसा यायचा? ‘न्याहारीला काय आवडतं?’ पुन्हा निघाली. ‘आवडता रंग?’ तिसऱ्यांदा निघाली.

“रोवेलिनसाठी,” एफ्रेन पुटपुटला. “मांजर आवडतं... की कुत्रा?”

रोवेलिनने चिठ्ठीकडे पाहिलं. तिच्यावर पाच ओळी होत्या. मांजर-कुत्र्याला पाच ओळी कशाला लागतात?

तिने चिठ्ठी हिसकावली. गोल, सुबक, लाल शाईतलं अक्षर. तिने वाचलं. मग ती त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहू लागली. खिशातून दोन घड्या डोकावत होत्या. तिने सरळ हात घालून त्याही काढल्या.

“मॅडम, नका...”

“तुला कोणी सांगितलं होतं?” ‘तुम्ही’ गेलं, ‘सर’ गेलं. “माझ्या चिठ्ठ्या खिशात घालायला तुला कोणी सांगितलं होतं?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

“म्हणजे तुला माझी कीव आली! माझी लाज वाटली! मला मांजर-कुत्रा विचारतोस? मी काय चटईवर बसणारी पोर आहे?”

इतका राग तिला आर्सेनियो गेला तेव्हाही आला नव्हता. तेव्हा ती नुसती रडली होती आणि आज तिला त्या रडण्याचाही राग येत होता. ती लोकांकडे वळली आणि तिने तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या, एकही शब्द न गाळता, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा.

“‘वेलिन, तेहेतीस झाली, लग्न कधी?’ उत्तर, मला माहीत नाही! ‘आर्सेनियो का गेला, खरं सांग.’ उत्तर, त्याला ऐकणारी बायको हवी होती, बोलणारी नको होती! आणि ही तिसरी, ‘असं तोंड असेल तर जो येईल तो जाईल. जरा आवर स्वतःला.’ उत्तर, नाही आवरणार! इनाय, तू सांगितलंस म्हणून सकाळपासून आवरून पाहिलं. घसा दुखायला लागला!”

इनायने उलट्या हाताने डोळे पुसले. तिता फ्लोर मात्र खुर्चीत ताठ झाली.

“अगं, काळजी वाटते म्हणून लिहिलं. प्रेमानेच लिहिलं.”

“प्रेमाने लिहिलं तर खाली नाव का नाही लिहिलं, तिता?”

मागून लोला बासिंगने कप बाकावर आपटला. “फ्लोर, शाळेत पोरांना नाव न घालता पेपर देऊ देतेस का गं?”

तिता फ्लोर खाली बघून कॉफी ढवळायला लागली. कॉफी केव्हाच संपली होती. रोवेलिनला वाटलं होतं की आता बरं वाटेल. पण बरं वाटलं नाही. आतला तो प्रश्न आता सत्तावन्न माणसांसमोर उघडा पडला होता आणि त्याचं उत्तर अजूनही कुणाकडे नव्हतं. चिठ्ठ्या टाकून ती निघाली.

“तुमचं बोलून झालं?” एफ्रेन म्हणाला.

इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की तिचे पाय थांबले.

“चिठ्ठ्या बदलल्या ते मी चुकलो. तुमच्या वतीने मी घाबरलो. तसं घाबरायचा मला हक्क नव्हता. माफी मागतो. पण तुमची लाज वाटली म्हणालात... ते फार खोटं बोललात... हो...”

तोच ‘हो’. तसाच लांब, तसाच झुलता. रोवेलिनने त्याच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. कपाळावरची शीर उठली होती. जबडा आवळलेला होता.

“तू... रागावलायस?”

“प्रचंड.”

“आत्ता? असा?”

“हात बघा.” त्याने हात पुढे केले. खरंच कापत होते. “बाजारात याच्या निम्माही राग नव्हता.”

“मग ओरड ना माणसासारखा! मला कळणार कसं?”

“आमच्या घरी कुणी ओरडत नाही, मॅडम. माझे वडील रागावले, की नुसते गोड बोलायचे आणि मग आठ-आठ दिवस गप्प. आई काय विचार करते, ते ती गेली तरी आम्हाला कळलं नाही.” त्याने चष्मा सारखा केला. “वादळ आलं, बोट रद्द झाली, चार दिवस मी भाड्याच्या खोलीत एकटा बसलोय. आणि कानात काय होतं, माहीत आहे? बाजारातला तुमचा आवाज. मला वाटलं, राग आलाय म्हणून आठवतोय. पण आज... मी एक वाक्य बोलायचो आणि तुम्ही ते सगळ्यांना देऊन टाकायचात. त्या म्हाताऱ्यांची तोंडं पाहिलीत तुम्ही? आणि शेवटी शेवटी तर...”

“शेवटी शेवटी काय?”

“मी मुद्दाम हळू बोलत होतो. तुम्ही जवळ यावं म्हणून.”

रोवेलिन एक पाऊल पुढे आली.

“मला काय वाटतं ते सांगायला कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही,” एफ्रेन म्हणाला. आता त्याचा आवाज इतका खाली होता, की समोरच्या चटईवरच्या पोरांनाही ऐकू गेला नसता. “मला हा आवाज रोज हवा आहे. चिडलेला, लाजलेला, कसाही. तुम्हाला चालणार असेल तर.”

मागच्या रांगेतल्या माना पुढे झाल्या.

“काय म्हणाला तो?” मागून लोलो उस्तिंगने विचारलं.

सवयीने रोवेलिन वळली. दुपारभर तेच तर करत आली होती ती. त्याने बोलायचं, तिने पोचवायचं. तिने पोटातून श्वास घेतला, छाती भरली... आणि आवाजच फुटेना. तिने घसा खाकरला. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा बाहेर आली. तेहेतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. इनाय तर खुर्चीतून अर्धी उठली.

“अगं, काय म्हणाला?” आता अख्खी मागची रांग विचारू लागली.

रोवेलिनने एफ्रेनकडे पाहिलं आणि मान हलवली. मला जमत नाही. तूच सांग.

तो चटया ओलांडून, पोरांच्या डोक्यांवरून पाय टाकत थेट बाकांपर्यंत गेला. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. डोळे मिटले. आणि ओरडला. फाटक्या, चिरक्या, बेसूर आवाजात, मानेच्या शिरा ताणून ओरडला.

“मला! तुमची! रोवेलिन! आवडते!”

कुंपणावरच्या कोंबड्या फडफडत खाली पडल्या. लोला बासिंगने दोन्ही हात कानांवर ठेवले.

“ऐकलं रे बाबा, ऐकलं! पण आमच्या पोरीच्या नावाने एवढा कशाला ओरडतोस?”

आणि मग तो आवाज परत आला. सगळाच्या सगळा, रस्त्यापलीकडच्या घरांच्या खिडक्या उघडतील एवढा.

“ओरडू दे त्याला, लोला!” रोवेलिन म्हणाली. “मला ऐकायचंय!”